पेरेपेटुआ आत्याचा अर्धा चेहरा

किटेंगाच्या बाजारात पेरेपेटुआ नाबुकालूकडे गोमेसी, म्हणजे आमच्या बायकांचा सणासमारंभाचा पायघोळ पोशाख, शिवायला टाकणं म्हणजे जवळजवळ पापाची कबुली देणंच होतं. फरक इतकाच की चर्चमध्ये पाद्रीबाबा जाळीच्या पलीकडे बसतात, आणि काय सांगायचं, काय गिळायचं हे आपल्या हातात असतं. इथे पेरेपेटुआ गळ्यात टेप अडकवून समोर उभी राही, खांद्याचं माप घेता घेता एकदा तोंडाकडे बघे आणि म्हणे, "सासू राहायला आलीय वाटतं? किती दिवस?"

बाई गार.

एकदा एका नव्या नवरीला ती म्हणाली, "कमरेला चार बोटं जास्त ठेवते. पाचव्या महिन्यात लागतील." त्या पोरीने तोवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. गावसमितीचे अध्यक्ष रस्त्याच्या कामावर मुठी आवळून भाषण ठोकत होते, तेव्हा पहिल्या रांगेतून हिचा आवाज आला, "अध्यक्ष, रस्ता होईल सावकाश. आधी ती दाढ काढून या." अध्यक्षांनी रागाने तिच्याकडे पाहिलं, मग गालावर हात ठेवला आणि खरोखरच मसाका शहरातल्या दवाखान्याच्या दिशेने निघाले. गावात अजून असं मानतात की त्यांच्या कारकिर्दीतलं पूर्णत्वाला गेलेलं तेवढं एकच काम.

हे सगळं तुला कळतं कसं, असं कोणी विचारलं तर ती चिडायची. "दिसतं ना समोर! तुम्हाला दिसत नाही?" बाकीचं जग आळशी आहे आणि मुद्दाम डोळे उघडत नाही, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

कसं कळतं हे गावाला मात्र ठाऊक होतं. समोरचा बोलायला लागला की पेरेपेटुआचा चेहरा त्याच्याबरोबर चालायला लागे. त्याची भुवई चढली की हिची चढे. त्याने ओठ चावला की हिचा ओठ आत जाई. रविवारच्या प्रार्थनेत पोरंटोरं पाद्रीबाबांकडे पाठ करून हिच्याकडेच बघत बसत; प्रवचन तिथेही तेच दिसायचं, आणि वर करमणूक. तिचा नवरा मातिया हयात असताना सगळ्यांना सांगे, "हिच्याशी भांडण धड होतच नाही. मी डोळे वटारले की ही वटारते. माझी हनुवटी थरथरली की हिची थरथरते. दोन मिनिटांत मला माझीच दया येते आणि मी जेवायला बसतो." मातिया गेला तेव्हा जो जो भेटायला आला, त्याच्या त्याच्या पद्धतीने ती रडली. हुंदके देणाऱ्यांबरोबर हुंदके, गप्प बसणाऱ्यांबरोबर गप्प. तिचं स्वतःचं रडणं कसं असतं, हे कोणालाच दिसलं नाही.

तर अशी ही बाई चार भाच्यांची आत्या होती, आणि आमच्याकडे आत्या असणं ही साधी गोष्ट नाही. मुलीचा बाप कोंबडी कापतो, खुर्च्या मांडतो, मिशीला पीळ देतो. पण मुलगा पसंत की नापसंत हे आत्या ठरवते. मुलगा आधी गुपचूप आत्याच्या घरी येतो, ती त्याला पारखते, आणि तिने मान हलवली की मग क्वांजुला, म्हणजे दोन्ही घरांच्या ओळखीचा सोहळा ठरतो. पेरेपेटुआचा धाकटा भाऊ कासुले याने तर सगळी डोकेदुखी बहिणीच्या पदरात टाकली होती. पहिल्या दोन मुलींच्या वेळी तिने हो म्हटलं, संसार सुरळीत. तिसरीच्या वेळी ती "नको" म्हणाली, सगळे हळहळले, आणि पुढच्याच महिन्यात त्या गृहस्थाची बायको दोन लेकरांसह सरोवरापलीकडून त्याला शोधत आली. तेव्हापासून कासुले होणाऱ्या जावयाकडे बघायचंही सोडून कॉफीच्या झाडांकडेच बघत असे. "माझं काय विचारता? ताईने पाहिलं ना? झालं."

चौथी रेस्टी. ही लहानपणी शाळेसाठी आत्याकडेच राहिली, शिलाई मशीनच्या खाली चिंध्यांत झोपून मोठी झाली आणि आता बालवर्गाला शिकवत होती. तिने पसंत केलेला मुलगा होता डोनाटो किवुवा, कॉफी सोलायची यंत्रं दुरुस्त करणारा. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. त्याने आत्याला भेटायला यायचा दिवस ठरला आणि त्याच्या आठ दिवस आधी, एका सोमवारी सकाळी, पेरेपेटुआने चहाचा घोट घेतला तो उजव्या बाजूने सरळ मांडीवर.

तिने आरसा पाहिला. चेहऱ्याचा उजवा भाग संपावर गेला होता. भुवई खाली, पापणी मिटत नाही, ओठाचा कोपरा ओल्या कपड्यासारखा लोंबतोय.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की कानामागची नस सुजलीय, गोळ्या घ्या, डोळ्यावर रात्री पट्टी बांधा, बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत सुटतं. पण किटेंगात एवढ्या छोट्या उत्तराने कोणाचं समाधान होणार? कासुलेने रानातून कसलीशी पानं वाटून आणली. चर्चच्या शिक्षकाने तीर्थाची बाटली आणली. अध्यक्षांनी, जुन्या दाढेचे उपकार स्मरून, बैलांना लावायचं मलम पाठवलं. शिवाय प्रत्येकजण तिच्याशी ओरडून बोलायला लागला.

"आत्याऽऽ! गोळ्या घेतल्याऽऽ?"

"अरे तोंड वाकडं झालंय, कान नाही!"

"होऽऽ!"

तेवढंही चाललं असतं. पण तिच्या लक्षात यायला लागलं की गावच बिघडलंय. दूधवाला पूर्वी हसतमुख होता, आता डोळ्यांत काहीतरी लपवून बघतो. गिऱ्हाईक बायका माप देताना आखडतात. शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या चेहऱ्यावर सरळसरळ तुच्छता. ज्याच्याकडे बघावं तो रुसलेला, नाहीतर लबाड. शेजारच्या टपरीवर नालोंगो कोळशावर पिकली केळी भाजायची. जुळ्यांच्या आईला आमच्याकडे नालोंगोच म्हणतात, खरं नाव तीही विसरली असेल. तिच्याजवळ पेरेपेटुआने मन मोकळं केलं.

"नालोंगो, या गावाला काय झालंय गं? सगळे असे कडू का झालेत?"

नालोंगोने केळं उलटवलं. "गाव आहे तसंच आहे. तुझं थोबाड बदललंय."

"माझ्या थोबाडाचा इथे काय संबंध?"

"तू बघितलंयस कसं दिसतं ते? आल्यागेल्याला वाटतं, ही आता चावणार. मग तेही दात सांभाळून बोलतात."

"म्हणजे तूसुद्धा?"

"मी कशाला? मला तू आधीही चावायचीस." असं म्हणून तिने अर्धं केळं तिच्या हातावर ठेवलं, डाव्या बाजूने खा असंही सांगितलं.

पेरेपेटुआला हे पटलं नाही. चाळीस वर्षं ज्या डोळ्यांवर गाव चाललं, ते डोळे तर शाबूत होते. उजवा रात्री मिटत नव्हता, म्हणजे उलट जास्तच उघडा होता. पण आरशात ती दिवसातून दहादा बघायची, आणि दर वेळी तिथली ती बाई कशावर तरी चिडलेली असायची. इतक्यांदा चिडलेलं तोंड पाहिल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपण चिडलोच असणार. मग ती कारण शोधायची. कारणं काय, शोधली की मिळतात.

अशा दिवसांत डोनाटो आला. रीतीप्रमाणे साखर, साबण, पाव, मांसाचा पुडा आणि आत्यासाठी गोमेसी घेऊन आला. गोमेसी शिवून आणली होती मसाक्याच्या एका दुकानातून. गावातल्या एकुलत्या एक गोमेसी शिवणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या हातची गोमेसी देणारा हा जगातला पहिला शहाणा. तिने खांद्याची शिवण उलटून बघितली आणि गोमेसी घडी घालून बाजूला ठेवली. मग तासभर तो तिच्यासमोर खुर्चीत बसला. ताठ. मान न हलवता. तिच्या डाव्या कानाच्या पलीकडे कुठेतरी नजर लावून. हो, नाही, हो. एकदाही हसला नाही. पेरेपेटुआ त्याच्या चेहऱ्यात शिरायचा प्रयत्न करत राहिली आणि प्रत्येक वेळी बंद दारावर आपटून परत आली. असं तिला आयुष्यात झालं नव्हतं.

तो गेल्यावर तिने कासुलेला निरोप धाडला: मुलगा थंड आहे. मनात काहीतरी ठेवून आहे. माझा होकार नाही.

आता सोहळ्याला साडेचार आठवडे उरले होते. आत्या हो म्हणणारच असं धरून मांडव सांगितलेला, बैल ठरलेला. कासुलेने निरोप ऐकला, कॉफीच्या झाडांत गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. आणि रेस्टी शाळा सुटल्याबरोबर मोटारसायकलवर बसून तडक आत्याच्या दुकानात आली.

राग असो, आग असो, आमच्या मुली मोठ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात. रेस्टीनेही टेकले. पण उठली नाही. मशीनसमोर बसलेल्या आत्याच्या तोंडासमोर तिचं तोंड आलं.

"आत्या, तू त्याच्यात काय पाहिलंस?"

"काहीच नाही. तेच तर सांगतेय."

"तुला दिसलं नाही म्हणून त्याच्यात नाही?"

"मला दिसलं नाही असं कधी झालंय का?"

रेस्टीने मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मग म्हणाली, "बरं. माझ्याकडे बघ. आत्ता माझ्या तोंडावर काय दिसतं?"

पेरेपेटुआने पाहिलं. हे तोंड तिने चिंध्यांत झोपलेलं पाहिलं होतं, गोवरात पाहिलं होतं, पहिल्या पगाराच्या दिवशी पाहिलं होतं. "राग," ती म्हणाली. "माझा राग आलाय तुला. येऊ दे. मी घाबरत नाही."

"राग नाही गं आत्या," रेस्टी म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "मला भीती वाटतेय. तू मशीन चालवायची थांबलीस की वाटतं, ही आता पडणार. तुझ्याशिवाय मी लग्नच काय करणार आहे? आणि वरून तूच नाही म्हणतेस."

पेरेपेटुआ तिच्याकडे बघत राहिली. भुवया जवळ आलेल्या, ओठ दाबलेले. राग असाच दिसतो ना? भीतीही अशीच दिसते का? पूर्वी हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण उत्तर तिच्या स्वतःच्या तोंडावर आधी येऊन बसलेलं असे. तिने डावी भुवई जवळ घेतली. उजवी हलली नाही. मग तिने एक वेडगळ गोष्ट केली. अंगठ्याने आपली उजवी भुवई वर ढकलली, दोन बोटांनी ओठाचा लोंबणारा कोपरा रेस्टीच्या ओठासारखा ओढून धरला, आणि तशीच, आपलं तोंड आपल्या हातांनी धरून, बसून राहिली.

हळूहळू ते तोंड तिला आतून ओळखीचं वाटायला लागलं.

"अरे देवा," ती बोटांच्या मधून म्हणाली. "खरंच घाबरलीयस."

हे बोटांमुळे कळलं की पोरीने आधीच सांगितलं होतं म्हणून, ते एक देवच जाणे. पेरेपेटुआलाही नक्की सांगता आलं नसतं. रेस्टी मात्र आत्याचा तो अवतार बघून रडता रडता हसायला लागली. पलीकडून नालोंगोने ओरडून विचारलं, "काय चाललंय गं? माती मळताय का तोंडाची?"

"हो," पेरेपेटुआ म्हणाली. "जरा उशिराच मळायला घेतली."

त्या रात्री पट्टी बांधून ती पडली तेव्हा झोप आली नाही. तोंड वाकडं झालं त्याचं तिला एवढं वाटलं नव्हतं. पण लोक आपल्याला दिसतात ते आपल्याच तोंडावर उमटून दिसतात, आणि आता तिथे काही उमटतच नाही. तर मग दूधवाल्याचा लबाडपणा, मुख्याध्यापिकेची तुच्छता, डोनाटोचा थंडपणा, हे सगळं होतं कोणाचं? आणि लोकांच्या मनातलं ओळखणारी बाई हीच जर आपली ओळख, तर ती गेल्यावर मागे उरलेली ही अंथरुणातली बाई कोण? पहाटेपर्यंत विचार करूनही तिला या बाईबद्दल फारशी माहिती मिळाली नाही. एवढंच की तिला केळं आवडतात.

सकाळी तिने डोनाटोला पुन्हा बोलावलं. तो आला, बसला, ताठ झाला. पेरेपेटुआने घसा साफ केला. आयुष्यभर जे तिला कधी लागलं नव्हतं ते आता करायचं होतं: विचारायचं.

"तू गेल्या खेपेला माझ्या तोंडाकडे का बघत नव्हतास?"

डोनाटो ओशाळला की नाही हे तिला कळलं नाही. "रेस्टीने सांगितलं होतं. म्हणाली, आत्याच्या तोंडाकडे रोखून बघू नको, तिला लागतं ते. मग मी कानाकडे बघायचं ठरवलं."

"तासभर?"

"कान चांगला आहे, आत्या."

पेरेपेटुआच्या अर्ध्या तोंडाने हसायचा प्रयत्न केला. "आणि असा मेल्यासारखा ताठ का बसतोस?"

"ते या खुर्चीमुळे."

"खुर्चीमुळे?"

"मागचा पाय सुटलाय हिचा. आत्ताही सुटलेलाच आहे. हललो की पडणार. सासुरवाडीच्या पहिल्या भेटीत उताणा पडलो तर लोक काय म्हणतील? म्हणून श्वास धरून बसलो होतो. सांगावं म्हटलं तर वाटलं, तुमच्या दुकानाला नावं ठेवल्यासारखं होईल."

"ऊठ," पेरेपेटुआ म्हणाली. तो उठला. तिने खुर्चीला हात लावला आणि खुर्ची पाय पसरून बसली. डोनाटोने खिशातून पाना काढला, जणू चर्चलाही तो पाना घेऊनच जात असावा, आणि जमिनीवर मांडी घालून दुरुस्तीला लागला. स्क्रूकडे बघत तो बराच बोलला. रेस्टी बालवर्गातल्या मुलांच्या नकला कशा करते. त्याची आई बहिरी आहे आणि रेस्टी तिच्याशी न ओरडता बोलते. गोमेसी मसाक्याहून का आणली? कारण आत्याची गोमेसी आत्याकडेच शिवायला टाकली असती तर आत्याने कापड हातात घेता घेता त्याचं सगळं ओळखलं असतं, आणि त्याला तयारीला वेळ हवा होता.

यातलं किती खरं? पेरेपेटुआला कळायला मार्ग नव्हता. तिला फक्त त्याचे शब्द ऐकू येत होते, जसे जगातल्या बाकी सगळ्यांना येतात. एवढ्या थोड्या सामानावर लोक लग्नं लावतात, दुकानं चालवतात, शेजार करतात? काय धाडस म्हणायचं यांचं! चाळीस वर्षं ज्यांना ती आळशी समजत आली, त्यांच्याविषयी तिला पहिल्यांदाच आदर वाटला.

दुपारी कासुले आला. "ताई, शेवटचं सांग. हो की नाही?"

"मला माहीत नाही."

कासुले दाराची चौकट धरून उभा राहिला. "माहीत नाही म्हणजे?"

"मला दिसत नाही आता. नकार मागे घेते, पण होकार तू दे. त्याला घरी बोलाव. स्वतः बघ."

"मी? मी कसं बघणार? मला तर ढगांकडे बघूनही पाऊस येणार की नाही ते कळत नाही!"

"मग विचार. तोंड आहे ना? सरळ आहे ना? त्याला विचार, पोरीला विचार. तिला काय वाटतं हे तू जन्मात एकदा तरी विचारलंयस?"

कासुलेने विचारलं. बाप-लेक कॉफीच्या झाडांत दोन तास बोलत बसले होते, असं पाहणारे सांगतात. बाहेर आले तेव्हा बापाचे डोळे सुजलेले होते, आणि मांडव आहे तसाच राहिला.

सोहळ्याच्या दिवशी पेरेपेटुआची पापणी मिटायला लागली होती, ओठ मात्र अजून रजेवर होता. रीत अशी की मुलाकडचे पुरुष सगळे सारख्या पांढऱ्या पायघोळ कांझूंत आणि वर कोटांत रांगा करून बसतात, नवरदेवाला मध्येच कुठेतरी दडवतात, आणि मुलीच्या आत्याने त्याला शोधून छातीला फूल लावायचं. फूल लागलं की मुलगा आपला. नाही लागलं तर बैल घेऊन परत. हा सगळा तमाशा असतो, आत्याला मुलगा ठाऊक असतोच. पण या वेळी गावाला खरंच धाकधूक होती. आत्याने होकार दिलेला नाही ही बातमी केळ्याच्या टपरीवरून सगळीकडे पोचली होती.

ती पहिल्या रांगेपुढे उभी राहिली. पहिल्याच माणसाला म्हणाली, "तुला काय वाटतंय रे?"

"मला? मला... उकडतंय."

मांडव हसला. ती पुढे सरकली. "आणि तुला?"

"बूट चावतोय, आत्या."

मुलीकडचा प्रवक्ता मुलिंद्वा ध्वनिक्षेपकावरून ओरडला, "आत्याबाई, नवरा शोधताय की जनगणना करताय?"

"तू गप्प बस," ती म्हणाली. "तुझी पाळी येईल."

सतराव्या माणसाशी ती थांबली. डोनाटो. या वेळी त्याने कानाकडे नाही, सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचं तोंड तिला कळलं नाही. ओठ दाबलेले होते, ते कशाचेही असू शकत होते.

"तुला काय वाटतंय?"

"भीती," तो म्हणाला. "फूल लावाल की नाही याची."

तिने त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. फूल त्याच्या कोटाला लावलं, पण टाचणी टोचेना. कोटाचं कापड जाड होतं. मांडव टाळ्यांनी भरून गेला, ढोल सुरू झाला. त्या गोंगाटात डोनाटो वाकला आणि म्हणाला, "आणि तुम्हाला, आत्या? तुम्हाला काय वाटतंय? तोंडावरून मला कळत नाही."

पेरेपेटुआ टाचणी धरून थांबली. हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. लोकांची तोंडं सतत येत-जात असायची, या प्रश्नाला जागाच नव्हती कधी. तिने आत पाहिलं. तिथे मातियाची हनुवटी नव्हती, पाद्रीबाबांच्या भुवया नव्हत्या, रेस्टीचे ओठही नव्हते. होतं ते एकटंच होतं, आणि ओळखायला जरा वेळ लागला.

"वाईट वाटतंय रे," ती म्हणाली. "पोरगी चालली माझी." मग जरा थांबून, "आणि भूक लागलीय. खूप."

"आत्याबाई!" मुलिंद्वा ओरडत होता. "फूल लावलंत, आता सोडा त्याला! काय बोलताय एवढं?"

"स्वतःबद्दल सांगतेय," पेरेपेटुआ म्हणाली. "थांब जरा, संपलं नाही अजून."